निर्बंधांचीही मात्रा असते

कोणतेही औषध लिहून देण्यापूर्वी डॉक्टरने स्वतःला तीन प्रश्न विचारायचे असतात. याने फायदा किती होईल? दुष्परिणाम कोणते होतील? आणि ते किती दिवस द्यायचे? रुग्ण लहान मूल असेल तर चौथा प्रश्न येतो, त्याचे वय आणि वजन किती? साठ वर्षांच्या गृहस्थाची गोळी सहा वर्षांच्या मुलाला तशीच दिली, तर त्याला कोणी उपचार म्हणणार नाही.

साथीच्या काळात सरकार जे निर्बंध घालते, तेही एक प्रकारचे औषधच असते. संचारबंदी, बाजारबंदी, शाळाबंदी या सर्वांना मात्रा असते, मुदत असते आणि दुष्परिणामही असतात. २०२० ते २०२२ या काळात हे औषध आपण सर्वांनी घेतले. मोठ्यांनी घेतले आणि मुलांनाही पाजले. आता साथ ओसरून काही वर्षे लोटली आहेत. भीती गेली आहे, पण आठवण ताजी आहे. हिशेब मांडायला हीच वेळ योग्य, कारण पुढची साथ तारीख सांगून येणार नाही.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पहिले काही महिने आणि दुसऱ्या लाटेचा कहर सोडला, तर शाळाबंदीची मात्रा आपल्या मुलांना फार मोठी आणि फार दिवस दिली गेली. त्यातून वाचले थोडे आणि गमावले पुष्कळ. त्यातही घाटंजीसारख्या तालुक्यातल्या मुलांनी पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा अधिक गमावले.

बंदी गरजेची होती तेव्हा

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. 'कोरोना काही नव्हताच, उगीच घाबरवले' असे म्हणणारे लोक अजून चौकाचौकात भेटतात. त्यांच्याशी मी सहमत नाही. महाराष्ट्रात या रोगाने सरकारी नोंदीप्रमाणेच १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे गेली. एप्रिल-मे २०२१ मध्ये खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, ही अवस्था आपण डोळ्यांनी पाहिली आहे. आई आणि वडील दोन्ही गमावलेल्या मुलांच्या नावे राज्य सरकारला ५ लाख रुपयांची मुदत ठेव ठेवावी लागली, यातच काय ते आले. मुलाचे छत्र हरपणे हीदेखील मुलाचीच हानी आहे.

मार्च २०२० मध्ये तर कोणालाच काही माहीत नव्हते. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. रोग नवा होता, औषध नव्हते, लस नव्हती, आणि तो कोणत्या वयाला अधिक धरेल याचाही भरवसा नव्हता. १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ आठवा. आपले वाडवडील तिला 'मानमोडी' म्हणत. भारतात त्या साथीत एक कोटीहून अधिक माणसे मेली, आणि वऱ्हाड-मध्य प्रांताला तिचा फार मोठा तडाखा बसला. त्या रोगाने वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे नेली. नव्या रोगाचाही असाच रोख असता तर? म्हणून सुरुवातीला सारे बंद करणे शहाणपणाचेच होते. रोगाचे निदान होईपर्यंत रुग्णाला झोपवून ठेवावे, तसे ते होते.

पण निदान झाल्यावरही रुग्णाला झोपवूनच ठेवले, तर त्याचे हातपाय आखडतात.

रोगाने वय पाहिले, आपण पाहिले नाही

कोविडचा रोख मानमोडीच्या उलट निघाला. वय वाढेल तसा धोका वाढत होता. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार असलेली वयस्क माणसे सर्वाधिक दगावली. लहान मुलांना संसर्ग होत होता, काहींना गंभीर आजारही झाला. पण मुलांमध्ये मृत्यूचे प्रमाण मोठ्यांच्या तुलनेत अत्यंत कमी राहिले. २०२० च्या उत्तरार्धात हे जगभर दिसू लागले होते.

स्वीडन या देशाने २०२० च्या वसंतात लहान मुलांच्या शाळा बंदच केल्या नाहीत. तेथे १ ते १६ वयोगटातली सुमारे साडेएकोणीस लाख मुले होती. मार्च ते जून २०२० या काळात त्यांपैकी १५ मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, आणि कोविडने एकही मूल दगावले नाही. ही माहिती जानेवारी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. स्वीडनची घरे मोठी, वर्गात मुले कमी, तेथले दवाखाने सुसज्ज. त्यांची नक्कल आपण करावी असे मी म्हणत नाही. पण मुलांच्या वयाला हा रोग किती जड आहे, याचा अंदाज त्यावरून नक्कीच येत होता.

आता आपल्या देशाचे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने जून-जुलै २०२१ मध्ये देशभर रक्ततपासणीची चौथी पाहणी केली. ६ ते ९ वर्षांच्या ५७.२ टक्के आणि १० ते १७ वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडे आढळली. म्हणजे शाळा बंद असतानाच निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता, आणि बहुतेकांच्या घरी ते कळलेही नव्हते. ज्या रोगापासून वाचवण्यासाठी मुलांना घरात बसवले, तो रोग मोठ्या माणसांबरोबर घरात आधीच आला होता. त्याच महिन्यात परिषदेच्या महासंचालकांनी सुचवले होते की, शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक शाळा उघडाव्यात, कारण लहान मुले या विषाणूला अधिक चांगले तोंड देतात.

आपल्याकडे झाले उलटेच. सर्वात लहान मुलांचे वर्ग सर्वात शेवटी उघडले.

आधी काय उघडले?

तारखा पाहिल्या म्हणजे समाज कशाला किती महत्त्व देतो ते कळते. मे २०२० मध्ये दारूची दुकाने उघडू लागली. ५ ऑक्टोबर २०२० पासून हॉटेल आणि बार निम्म्या क्षमतेने सुरू झाले. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे उघडली. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, मंदिरे उघडली. त्यानंतर २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली. पाचवी ते आठवीची पाळी आली २७ जानेवारी २०२१ ला. महिना होतो न होतो तोच अमरावती, अकोला आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात रुग्ण वाढले व शाळांना पुन्हा कुलपे लागली. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले, आणि पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ ला. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा दोन आठवडे शाळा बंद राहिल्या.

मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेले मूल पुन्हा वर्गात बसले तेव्हा ते तिसरीत होते. वीस महिन्यांहून अधिक काळ गेला होता. सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात वीस महिने म्हणजे किती, याचा विचार करावा. अक्षरओळख व्हायच्या, बेरीज-वजाबाकी बसायच्या, रांगेत उभे राहायला आणि डबा वाटून खायला शिकायच्या वयातला तो काळ होता.

हॉटेलमालकांची संघटना असते, मंदिरांसाठी आंदोलने होतात, व्यापारी निवेदन घेऊन जातात. पहिलीच्या मुलांची संघटना नसते. त्यामुळे त्यांची पाळी शेवटी आली.

आपल्या तालुक्याचा हिशेब

'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या नावाने सरकारने मोबाईलवर अभ्यास पाठवला. हेतू चांगला होता. पण मोबाईल कोणाकडे होता? घाटंजी तालुक्यातली खेडी, बंजारा तांडे आणि कोलाम पोड डोळ्यांसमोर आणा. घरात एक साधा फोन, तोही बापाच्या खिशात, आणि बाप वावरात. रेंज हवी तर टेकाडावर चढायचे. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आदी अभ्यासकांनी महाराष्ट्रासह पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १४०० गरीब कुटुंबांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले निघाली अवघी ८ टक्के. ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती.

परिणाम नंतर आकड्यांत उतरला. 'असर' या पाहणीत दरवेळी एक साधी कसोटी घेतात, तिसरीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का? २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात २७.३ टक्के मुलांना तो येत होता. २०२२ मध्ये हे प्रमाण २०.५ टक्क्यांवर घसरले. २०२४ मध्ये ते २७.१ टक्के झाले. शिक्षकांनी मेहनत घेतली, त्याचे हे फळ आहे. पण २०२४ ची तिसरीतली मुले वेगळी आहेत. २०२२ मध्ये तिसरीत अडखळलेली मुले पुढच्या वर्गांत ढकलली गेली आहेत. टक्केवारी भरून निघाली म्हणून प्रत्येक मुलाची उणीव भरून निघाली असे होत नाही.

मी डॉक्टर आहे, म्हणून शरीराच्या बाजूने अधिक पाहतो. शाळा ही केवळ पाटी-पुस्तकाची जागा नाही. गरिबाच्या मुलाला दुपारचे गरम जेवण तेथे मिळते. आश्रमशाळेतल्या कोलाम, गोंड मुलांना तर दोन्ही वेळचे जेवण तेथेच मिळते. शाळा बंद झाल्यावर तांदूळ आणि डाळी घरी दिल्या गेल्या. पण घरी गेलेला शिधा एकट्या मुलाच्या ताटात पडत नाही, तो साऱ्या घरात वाटला जातो. मुलींना आठवड्याची लोहाची गोळी शाळेत मिळते. जंताची गोळी शाळेत मिळते. आरोग्य तपासणी शाळेत होते. नजर कमी आहे, कान वाहतो, हृदयात दोष आहे, हे खेड्यातल्या मुलाचे प्रथम शाळेतच ध्यानात येते.

लसीकरणाचेही तेच. सारी यंत्रणा एका रोगामागे लागली तेव्हा नेहमीच्या लसी मागे पडल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, भिवंडीत आणि मालेगावात गोवराने डोके वर काढले आणि बालके दगावली. ज्या रोगाची लस पन्नास वर्षांहून अधिक काळ आपल्या हाती आहे, त्या रोगाने! आपल्या तालुक्यातली एक घटना तर देशभर गाजली. ३१ जानेवारी २०२१ ला कापसी-कोपरी येथे १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. सुदैवाने सर्व मुले बरी झाली, आणि दोष निष्काळजीपणाचा होता. पण मला त्यात साऱ्या काळाचे चित्र दिसते. एका रोगापासून बचावाची बाटली हातात इतकी बसली होती की, समोर मूल आहे आणि त्याला हवे ते दुसरेच आहे, हे पाहायचे राहून गेले.

आता वयात आलेल्या मुला-मुलींविषयी. त्या दोन वर्षांत माझ्या दवाखान्यात चौदा-पंधरा वर्षांच्या मुली डोकेदुखी, चक्कर, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन येत. तपासणीत काही निघत नसे. हळूच विचारले की कळायचे, घरात स्थळाची बोलणी चालू आहेत. एक बाप मला म्हणाला, "डाक्टरसाहेब, शाळा तं बंदच हाये. पन्नास माणसात लगन उरकते, खर्च वाचते." त्याचा हिशेब मला पटला नाही, पण समजला. कापसाचे पैसे हाती नाहीत, शाळा कधी उघडेल कोणी सांगत नाही, आणि लग्नाला माणसे बोलवायला सरकारचीच मनाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्यापूर्वी झालेले होते. जेथे आधीच उतार आहे, तेथे शाळेचा बांध काढून घेतला तर पाणी कोणीकडे वाहणार?

मुलगे निंदणाला, कापूस वेचायला, बकऱ्या राखायला गेले. हातात मजुरीचे पैसे खुळखुळले, त्यांतले काही खर्ऱ्यावर जाऊ लागले. शाळा उघडली तेव्हा अनेकांना बाकावर बसणे जड गेले. त्यातच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एस.टी.चा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. शाळेचे दार उघडले आणि शाळेचा रस्ता बंद झाला. मोफत पासवर घाटंजीला शिकायला येणाऱ्या खेड्यातल्या मुलींचे काय झाले असेल, ते सांगायला नको.

मनाच्या दुखण्याचे मोजमाप कठीण असते. तरी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे नजरेआड करता येत नाहीत. २०१९ मध्ये देशात १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, २०२० मध्ये १२,५२६ आणि २०२१ मध्ये १३,०८९. यामागे एकच कारण असते असे नाही, आणि सारा दोष शाळाबंदीवर टाकणे शास्त्राला धरून होणार नाही. पण मित्रांपासून तुटलेले, घरातल्या कर्जाची बोलणी दिवसरात्र ऐकणारे, परीक्षा होणार की नाही याच्या टांगणीला लागलेले मूल एकटे पडते, एवढे तर कोणताही आईबाप सांगेल. त्या मुलाशी रोज बोलणारे गुरुजी-बाई यांचाही आधार तुटला होता.

'घरातल्या म्हाताऱ्यांचे काय?'

याला उत्तर म्हणून एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो वजनदार आहे. मूल शाळेतून रोग आणील आणि घरातल्या आजी-आजोबांना देईल. एका खोलीत सात माणसे राहतात तेथे ही भीती खरी होती. शिक्षकांनाही जिवाची भीती होती, आणि काही शिक्षक खरोखर गेले.

परंतु दुसरी बाजू पाहा. याच घरातला बाप बाजाराला जात होता, काका जिनिंगमध्ये जात होता, आई मजुरीला जात होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुका जानेवारी २०२१ मध्ये झाल्याच. घरात रोग यायला चार दारे उघडी होती, आणि आपण पाचवे, सर्वात लहान दार तेवढे घट्ट लावून घेतले. आजोबांना वाचवण्याचा खरा उपाय लस हा होता, आणि २०२१ च्या मार्चपासून साठीपुढच्यांना ती मिळू लागली होती. आजी-आजोबांनी आणि शिक्षकांनी आधी लस घ्यावी, खिडक्या उघड्या ठेवून किंवा झाडाखाली वर्ग भरवावेत, निम्मी मुले एक दिवस व निम्मी दुसऱ्या दिवशी बोलवावीत, हे सारे करता आले असते. सोलापूरच्या नीलमनगर भागात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. ज्यांना करायचे होते त्यांनी वाट काढली.

सरकारनेही एकदा ही वाट धरली होती. जुलै २०२१ मध्ये ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही, तेथे ग्रामपंचायतीच्या ठरावाने आठवी ते बारावीचे वर्ग सुरू करता येतील असा निर्णय झाला. तो योग्यच होता. हाच अधिकार चिमुकल्यांच्या वर्गांसाठीही दिला असता, तर रुग्ण नसलेल्या पोडावरची शाळा मुंबईच्या आकड्यांकडे पाहत बसली नसती.

पुढच्या वेळी

साथ आल्यावर विचार करायला सवड नसते, म्हणून नियम आधी ठरलेले असावेत. मला सुचतात ते असे. शाळा सर्वात शेवटी बंद व्हावी आणि सर्वात आधी उघडावी. बंदीच्या प्रत्येक आदेशावर शेवटची तारीख असावी, आणि मुदत वाढवायची तर कारण लोकांना सांगावे. निर्णय गाव आणि तालुका पाहून व्हावा. शाळा बंद असली तरी गरम जेवण, लसीकरण, लोहाच्या गोळ्या आणि आश्रमशाळेतल्या मुलांची देखभाल एक दिवसही थांबू नये. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत एक बालरोगतज्ज्ञ व एक शिक्षक अवश्य असावा. खाटा किती हे विचारणारे तेथे असतातच, मुलांचे काय हे विचारणारा कोणीतरी हवा. आणि रोगच असा आला की जो मुलांनाच अधिक धरतो, तर हे नियम बाजूला ठेवून शाळा पहिल्याच दिवशी बंद करावी. मात्रा रोग आणि वय पाहून ठरवायची असते, एवढेच माझे म्हणणे आहे.

आज काय करता येईल?

वाचकहो, पुढच्या साथीची वाट न पाहता करण्यासारखेही पुष्कळ आहे. बंदीच्या काळात बालवाडी ते चौथीत असलेली मुले आज वरच्या वर्गांत आहेत. अशा मुलाला आज रात्री जेवण झाल्यावर हे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगा. अडखळले तर रागावू नका. तो त्याचा दोष नाही. रोज पंधरा मिनिटे सोबत बसून वाचा. अंगठाछाप आजीनेही शेजारी बसून ऐकले तरी मुलाला हुरूप येतो. पाढे आणि भागाकार कच्चे असतील तर गुरुजींना स्पष्ट सांगा.

मूल गप्प गप्प राहते, झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे, मोबाईल काढून घेतला की अंगावर येते, शाळेचे नाव काढले की पोट दुखते, अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर मनाच्या दुखण्याविषयी केव्हाही विनामूल्य बोलता येते. गावात अठरा वर्षांखालच्या मुलीचे लग्न ठरत असेल तर ग्रामसेवकाला कळवा, तोच तेथला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांकही लक्षात ठेवा. शाळा सुटलेली मुलगी गावात असेल तर तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसता येते, हे तिच्या आईवडिलांना सांगा.

आपण मोठी माणसे साथीतून बाहेर आलो आणि कामाला लागलो. मुलांनी मात्र आपल्यासाठी दोन वर्षे दिली, ती कोणी मागूनही घेतली नव्हती. त्या उसन्याची परतफेड अजून बाकी आहे.